विणकामाची सुई : धातूची की बांबूची?

थंडीची चाहूल लागली की घराघरांतून लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. दुकानात आपल्या भगिनी लोकरीचा रंग पाहतात, जाडी पाहतात, भावात घासाघीस करतात. सुया मात्र दुकानदार देईल त्या पिशवीत टाकतात. सुई ती सुई, तिच्यात काय पाहायचे, असा समज आहे. वास्तविक विणणारीचा वेळ, तिची बोटे आणि विणीचा सारखेपणा या तिन्ही गोष्टी सुई कशाची आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

सर्वांच्या ओळखीची सुई ॲल्युमिनियमची. हलकी, गुळगुळीत, खिशाला परवडणारी. टाके तिच्यावरून सरसर सरकतात. ज्या भगिनी मजुरीवर स्वेटर विणून देतात त्यांच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे. (पेशाने कारकून असल्यामुळे आकडे मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही.) सहा-सात वर्षांच्या मुलाचा स्वेटर घ्या. पाठीला ७२ टाके आणि शंभरेक ओळी; बगलेची घट सोडली तर सुमारे ७,००० टाके झाले. पुढचा भाग तेवढाच. दोन्ही बाह्यांचे मिळून ८,००० धरा. एकूण २२,०००. एका टाक्यामागे अर्धा सेकंद जरी वाचला, तरी ११,००० सेकंद, म्हणजे तीन तास वाचतात. मजुरी नगावर मिळते, तासावर नाही. तेव्हा हे तीन तास बाईच्या पदरात पडतात की सुईवर अडकून राहतात, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

मग सर्वांनीच धातूची सुई वापरावी काय? मुळीच नाही. नवशिक्या मुलीच्या हाती गुळगुळीत सुई दिली की टाके भराभर निसटतात. चार वेळा उसवून झाले की ती म्हणते, "ताई, मला नाही जमायचं," आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गाला येत नाही. दोष तिच्या हाताचा नसतो. तिला बांबूची सुई द्यावी. बांबू लोकरीला किंचित धरून ठेवतो, टाका जागेवर राहतो. ज्यांचा हात सैल आहे त्यांनाही बांबू मानवतो. हात घट्ट असेल तर मात्र धातूच बरा.

वयस्क स्त्रियांनी तर बांबूचा विचार जरूर करावा. धातूची सुई थंडीत गार पडते आणि दुखऱ्या सांध्यांना ते सोसत नाही. बांबू गार लागत नाही, शिवाय बोटांखाली थोडा लवतो. त्याचे दोषही आहेत. बारीक नंबरची सुई कटकन मोडते (खाटेवर ठेवू नये, कोणी ना कोणी बसतेच), आणि जुनी झाली की तिचे तंतू उठतात. कापसाचा पुंजका सुईवरून फिरवावा. जेथे अडकेल तेथे झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने घासावा व वर मेणबत्ती फिरवून फडक्याने पुसावे.

प्लॅस्टिकची सुई जाड नंबरात ठीक, कारण वजन होत नाही. बारीक नंबरात ती वाकते. दमट हवेत ॲक्रिलिकची लोकर तिला चिकटून कुरकुरते. मोज्यांसारख्या बारीक कामाला पोलादी सुई मजबूत. पण मुलामा उडाला की गंजते, आणि बाळाच्या पांढऱ्या कुंचीवर पडलेला गंजाचा डाग सहजासहजी जात नाही.

एक पथ्य सर्वांनीच पाळावे. ज्या सुयांवर पाठ विणली त्याच सुयांवर बाह्याही विणाव्यात. नंबर तोच असला तरी धातूवरून बांबूवर गेल्यास विणीचा ताण बदलतो, आणि एक बाही सैल, एक घट्ट अशी होते.

नंबराचाही घोळ आहे. आपल्याकडील जुन्या पद्धतीत नंबर मोठा तितकी सुई बारीक : १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, ८ म्हणजे ४. अमेरिकन पद्धतीत नेमके उलटे. तेथे ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणून मिलिमीटर विचारूनच सुया घ्याव्यात. घेताना दोन्ही सुया दुकानाच्या काचेवर लोटून पाहाव्यात. सरळ असेल ती सारखी घरंगळते, वाकलेली डुगडुगते. दुकानदाराने कितीही तोंड वाकडे केले तरी अशी जोडी परत करावी.