माणसं फार, मग माणसं कमी

निवृत्त होईपर्यंत मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असे. 'लोकसंख्या आणि विकास' हा धडा आला, की मॉरिशसचं उदाहरण ठरलेलं. १९६० च्या सुमारास जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी या बेटाची पाहणी केली. पुढं १९७७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मीड यांना बेटाचं भवितव्य अंधारलेलंच दिसत होतं. पीक एकच, ऊस. जमीन तुटपुंजी. माणसं मात्र भराभर वाढताहेत. एवढ्या हातांना काम कुठून आणायचं? हे सांगून मी मुलांना विचारायचो, "मग मीडसाहेब चुकले कुठं?"

मॉरिशस आपल्याला परकं नाही. १८३४ पासून करारावर तिथं गेलेल्या मजुरांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथं आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशी दोन बेटं सहज मावतील. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास.

लहान असण्याची अडचण काय, ते पाहा. मोठं यंत्र आणलं, तर त्याचा माल खपवायला घरची बाजारपेठ पुरत नाही. कच्चा माल बोटीनं आणायचा, पक्का माल बोटीनंच पाठवायचा. दोन्ही वेळचं भाडं किमतीवर चढतं. म्हणजे जगाशी टिकायचं, तर प्रत्येक माणसाच्या तासाभराच्या कामातून जास्त मोल निघायला हवं. यालाच उत्पादकता म्हणतात.

मॉरिशसनं हे साधलं. १९७० मध्ये निर्यातीसाठी कारखाने काढणाऱ्यांना करसवलती देणारा कायदा झाला. घराबाहेर कामाला न जाणाऱ्या बायका शिलाईयंत्रावर बसल्या आणि शर्ट, स्वेटर युरोप-अमेरिकेला जाऊ लागले. १९७५ च्या करारानं युरोपनं साखरेला चढा भाव दिला. त्या पैशातून कारखाने उभे राहिले, हॉटेलं उभी राहिली. शेतातला हात कारखान्यात गेला, पुढची पिढी हॉटेलात आणि बँकेत गेली. दर पायरीला कमाई वाढली.

मग दोन धक्के लागोपाठ बसले. २००५ च्या आरंभी कापड-कपड्यांच्या व्यापारातली कोटा पद्धत संपली आणि चीनचा स्वस्त माल मोकळा सुटला. २००६ पासून युरोपनं साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्क्यांनी उतरवला. तरीही बेट तगलं. साध्या कच्च्या साखरेऐवजी शुद्ध आणि खास प्रकारची साखर विकू लागलं, उसाच्या चिपाडावर वीज करू लागलं, संगणकाची कामं घेऊ लागलं. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेनं त्याला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवलं. पण तोवर करोनानं पर्यटकांची वाट बंद केली होती. पुढच्याच वर्षी तो मान गेला.

आज मीडसाहेबांचं कोडं उलटं झालं आहे. मुलं कमी जन्मतात, म्हातारी माणसं वाढताहेत. कारखान्यांत बांगलादेश, भारत आणि मादागास्कर इथून कामगार आणावे लागतात. १९८५ मध्ये विशीतली जी मुलगी शिलाईयंत्रावर बसली, ती २०२५ मध्ये साठीची झाली. नेमकं त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात वृद्धांच्या पेन्शनचं वय ६० वरून हळूहळू ६५ वर नेण्याचं जाहीर झालं. लोक चिडले. तिच्या जागी उभं राहून पाहिलं, तर राग समजतो. पण कमावणारे कमी आणि खाणारे जास्त, हा हिशेबही खोटा नाही.

शेतातून कारखान्यात जाण्याची पायरी देशाला एकदाच चढता येते. यापुढं त्याच जागी बसलेल्या माणसाच्या कामाचं मोल वाढवावं लागेल. त्यासाठी शिक्षण हवं, चांगली यंत्रं हवीत आणि बंदरात बोटीचा खोळंबा कमी व्हायला हवा.

आज वर्गात असतो, तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मीच दिलं असतं. मीडसाहेबांनी धोका बरोबर ओळखला होता. रिकामे हात वेळेवर कामाला लागले, म्हणून तो टळला. आता हातच कमी आहेत आणि वेळ पुन्हा थोडाच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)