लहान धरण, त्याचा सांडवा आणि आपली सहल

धरण म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कोयना येते, जायकवाडी येते. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते ज्यांची नावे तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नसतात अशा धरणांविषयी. सरकारी हिशेबात २,००० हेक्टरांपर्यंत जमीन भिजविणारे काम ‘लघु’ ठरते. ओढ्याला आडवी मातीची भिंत, एका अंगाला सांडवा, भिंतीच्या पोटातून काढलेला नळ आणि पुढे पाट, एवढाच त्याचा संसार. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर असे बंधारे व पाझर तलाव महाराष्ट्रात गावोगाव झाले. उन्हाळ्यात हे तलाव आटतात आणि आपण त्यांना विसरतो. पहिला दणक्याचा पाऊस झाला, सांडवा वाहू लागला, की शहरातून मोटारसायकलींची रांग तिकडे लागते.

आम्ही इंजिनिअर नाही. संघटनेच्या कामानिमित्त पाटबंधाऱ्यांवरील रोजंदारी माणसांत आमची पुष्कळ वर्षे गेली. त्यांच्या तोंडून जे ऐकले आणि मागाहून पुस्तकांत ताडून पाहिले, तेच येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धरण लहान म्हणजे धोका लहान, असे आपण धरून चालतो. पण पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. तलाव किती पसरला आहे यावर नव्हे. १० मीटर खोल पाण्याच्या तळाशी दर चौरस मीटरवर १० टनांचा दाब असतो, मग मागे पाणी कोसभर पसरलेले असो की एका शेताएवढे. अशा पाण्याचा भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ५० टन रेटा बसतो. हा रेटा पेलते ती मातीच्या वजनाने. भिंत पायथ्याशी एवढी रुंद ठेवलेली असते की तिचे वजन त्या रेट्याच्या कित्येक पट भरते. त्यामुळे मातीचे धरण पाण्याने ढकलून दिले, असे सहसा घडत नाही. पाणी त्याला खाते. वरून खाते किंवा आतून खाते.

वरून खाते ते सांडवा अपुरा पडल्यावर किंवा तुंबल्यावर. पाणी भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे पडू लागले की उतरत्या अंगाची माती धुपते, घळ पडते, आणि पाहता पाहता ती घळ तळापर्यंत जाते. दगडी धरण माथ्यावरचे पाणी काही वेळ सोसू शकते. मातीच्या धरणाला ती सवड नाही. म्हणून सांडव्याच्या तोंडाशी अडकलेले झाड, मासे धरण्यासाठी कोणी लावलेला बांबूचा ताटवा, सांडव्याची पातळी चोरून वाढविण्यासाठी ठेवलेल्या वाळूच्या गोण्या, या गोष्टी दिसतात क्षुल्लक, पण त्या भिंतीच्या जिवावर उठलेल्या असतात.

आतून खाण्याचा प्रकार याहून कपटी. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. मधल्या गाभ्यात चिकण काळी माती ठासलेली असते ती पाझर मंद करण्यासाठी, आणि खालच्या अंगाला पायथ्याशी दगड रचलेले असतात ते पाझरलेले पाणी मातीला न घेता बाहेर पडावे म्हणून. पाण्याबरोबर मातीचे कण येऊ लागले की आत पोकळी होते. पोकळी झाली की तेथे पाणी अधिक ओढ घेते, आणि अधिक ओढीने अधिक माती आणते. अशी भिंतीच्या आरपार नळी तयार होते. पोटातल्या नळाच्या बाहेरील कडेला, कुजलेल्या झाडाच्या मुळीच्या जागी, घुशीच्या किंवा खेकड्याच्या बिळात ही सुरुवात होऊ शकते.

हे आम्हांला प्रथम शिकविले ते एका चौकीदाराने. काही वर्षांपूर्वी आम्ही कामगारांची कुटुंबे घेऊन श्रावणात अशाच एका तलावावर सहलीस गेलो होतो. पायथ्याशी पाण्याची बारीक धार पाहून आमच्यातील एकजण घाबरला. म्हातारा चौकीदार, त्याला सगळे मामा म्हणत, हसला. म्हणाला, “अण्णा, गळतंय म्हणून भिऊ नका. काय गळतंय ते बघा.” त्याने खोपटातून काचेची बाटली आणली, धारेखाली भरली आणि कठड्यावर ठेवून दिली. जेवण उरकेपर्यंत पाणी जसेच्या तसे नितळ होते. “तळाशी गाळ बसला, नाहीतर पाणी गढूळ झालं, की सायबाकडं धावायचं. दिवस का रात बघायची नाही.” त्या धारेपुढे एका पत्र्याला त्रिकोणी खाच पाडलेली होती. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते ते तो रोज सकाळी फुटपट्टीने मोजून वहीत लिही. तलावाची पातळी न वाढता धार वाढली, तर आत काही बिघडले आहे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. मामा चौथी शिकलेला होता.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि निदान १९ माणसे प्राणास मुकली. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केलेल्या होत्या. मागाहून संबंधित खात्याच्या मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले, तेव्हा राज्यभर त्यांचे हसे झाले. आम्हांला मात्र त्या हसण्यात पुरते सामील होता येत नाही. खेकडे बिळे पाडतात हे खरेच आहे, आणि म्हणूनच बिळे बुजविण्याला माणूस लागतो. तो माणूस कोठे होता, हे विचारावयाचे सोडून आपण खेकड्यांवर विनोद करीत बसलो.

२०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, नोंदी, जबाबदार यंत्रणा, हे सर्व त्यात आहे. परंतु तो लागू होतो पायापासून १५ मीटरांहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरांपैकी ज्यांची लांबी, साठा किंवा पूर ठराविक मापाचा आहे अशांना. देशात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, तेव्हा हा कायदा आपल्याला लहानसहान नव्हे. तरी त्या मापाखाली राहणारे गावतळे आणि पाझर तलाव कायद्याच्या बाहेरच उरतात. त्यांचे रक्षण म्हणजे मामाची बाटली आणि मामाची वही.

आता सहलीविषयी. मोठ्या धरणाला दरवाजे असतात. ते उघडण्यापूर्वी भोंगा वाजविण्याची चाल आहे. लहान धरणाच्या सांडव्याला दरवाजाच नसतो. तलाव काठोकाठ भरला की जेवढे पाणी वरून येईल तेवढे आपोआप पलीकडे जाते. कोणी पाणी ‘सोडीत’ नाही, म्हणून कोणी सूचनाही देत नाही. सांडव्यात बसलेल्या मंडळींवर ऊन पडलेले असते आणि मागच्या डोंगरात पाऊस कोसळत असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो. शिवाय पाणी कमरेपर्यंत चढले की ते शरीराचा भारही उचलून धरते आणि पायांची पकड जाते. खाली शेवाळ असतेच. मांडीएवढ्या पाण्यात धट्टाकट्टा माणूस उभा राहू शकत नाही, याचे आपल्याला नवल वाटते ते हे गणित ठाऊक नसल्यामुळे.

लोणावळ्याचे भुशी धरण पाटबंधाऱ्याचे नव्हे. रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून ते बांधले. तेथे ३० जून २०२४ रोजी, रविवारी, एकाच कुटुंबातील पाचजण वाहून गेले, एक स्त्री आणि चार मुले. ही मंडळी धरणाच्या पायऱ्यांवर नव्हती. मागच्या डोंगरातील धबधब्यात उभी होती. लोंढा आला तेव्हा ती एकमेकांना धरून मध्येच थांबली. काठ हाकेच्या अंतरावर होता. पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, की त्याच क्षणी सामान सोडून जवळच्या काठाला निघावयाचे, हे मुलांनासुद्धा आधी सांगून ठेवता येते.

आणि सहलीला गेलेले आपण धरणाचे काय करतो? आतल्या उतारावर लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांचे अस्तर बसविलेले असते. चूल मांडायला तीन दगड पाहिजेत, म्हणून लोक नेमके तेच उपसतात. आमच्या त्या सहलीत आमच्याच मंडळींनी ते केले. मामाने चूल विझेपर्यंत वाट पाहिली, ऊन ऊन दगड गोणपाटात धरून एकेक परत नेला आणि जागच्या जागी ठोकून बसविला. आम्हांला एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याची आम्हांला अजून लाज वाटते. कोणी माथ्यावर गाड्या नेतात. पावसात चाकोऱ्या पडतात, चाकोऱ्यांत पाणी साचते आणि तेथून भेगा धरतात. कोणी हौसेने भिंतीवर झाडे लावतात. एका संस्थेने वृक्षारोपणाचा समारंभ चक्क बंधाऱ्याच्या उतारावर केलेला आम्ही पाहिला आहे. गवत हवे, झाड नको, एवढी गोष्ट त्यांना सांगणारे तेथे कोणी नव्हते.

मामा निवृत्त झाला. त्याच्या जागी कोणी आले नाही. संघटनेने तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला उत्तर आले की ते पद व्यपगत झाले आहे. आम्ही पुन्हा लिहिले की पद व्यपगत झाले असेल, धरण झालेले नाही. त्याला अद्याप उत्तर नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघे-तिघे तेथे जाऊन आलो. त्रिकोणी खाचेत गवत माजले होते, ते उपटले आणि धार मोजली. खोपटाच्या वळचणीला मामाची वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सापडली. तिच्यातील शेवटच्या ओळीखाली आम्ही त्या दिवसाची तारीख घातली आणि आकडा लिहिला. पाणी नितळ होते.