घरांतील चीजवस्तूंचा विमा किती रकमेचा उतरावा?

शेतकऱ्याची संपत्ति म्हटली कीं जमीन, विहीर, गुरेंढोरें आणि उभें पीक एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढें येतात. घरांतील भांडींकुंडीं, कपडालत्ता, अंथरूणपांघरूण, कपाटें व विजेचीं यंत्रें यांची बेरीज सहसा कोणी करीत नाहीं. या वस्तू लग्नकार्यें, सणवार आणि बऱ्या हंगामाच्या निमित्तानें एकेक करून पंचवीस-तीस वर्षांत जमतात. आणि जातात मात्र एका रात्रींत. त्या पुन्हां घ्यावयाच्या झाल्यास किती पैसा लागेल, हा हिशेब आधीं करणें म्हणजेच विम्याची रक्कम ठरविणें होय.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांस महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. पूर ओसरल्यावर जमीन जागच्या जागीं राहिली होती. परंतु ज्या घरांत पाणी अनेक दिवस साचून होतें त्यांतील गाद्या, कपडे, धान्य व यंत्रें कामांतून गेलीं. सरकारनें त्या वेळीं खेड्यांतील पूरग्रस्त कुटुंबास १० हजार व शहरांतील कुटुंबास १५ हजार रुपये सानुग्रह साहाय्य दिलें. केंद्र सरकारनें सन २०२२ ते २०२६ या मुदतीकरितां जे मापदंड ठरविले, त्यांत कपड्यांसाठीं २,५०० व भांड्यांसाठीं २,५०० रुपये दर कुटुंबास धरले आहेत. हें साहाय्य चार दिवस निभावण्यासाठीं असतें. ती नुकसानभरपाई नव्हे. महसूल खात्याचा पंचनामा या मापदंडाप्रमाणें पात्रता ठरवितो. कपाटांत काय काय होतें, याची किंमत त्यांत मांडली जात नाहीं. तो हिशेब घरधन्यानेंच आपत्तीच्या आधीं मांडून ठेवला पाहिजे.

किंमत कोणती धरावी?

वस्तु घेतली त्या वेळीं काय पडली, हें विसरून जावें. आज बाजारांत तशीच नवी वस्तु घेण्यास काय पडेल, ती किंमत लिहावी. आजोबांच्या वेळचा पितळी हंडा फुकट मिळाला म्हणून त्याची किंमत शून्य होत नाहीं. मात्र भरपाई नव्या किमतीनें मिळणार कीं वापराची घट वजा जाऊन मिळणार, हें विमापत्रांतील अटींवर अवलंबून असतें. म्हणून हा प्रश्न विमा घेण्यापूर्वींच लेखी विचारून घ्यावा.

यादी कशी करावी?

एक वही घेऊन खोलीवार फिरावें. प्रत्येक कपाट, फडताळ व पेटी उघडून पाहावी. घरांतील स्त्रियांस बरोबर घ्यावें. कारण स्वयंपाकघरांत व पेट्यांत काय आहे, याची खरी माहिती त्यांनाच असते. सहा माणसांच्या एका घराची यादी नमुन्यादाखल अशी होईल :

स्वयंपाकघर : भांडीं, शेगडी, फ्रीज, घरगुती चक्की — १,१०,००० रुपये.
माजघर व निजावयाच्या खोल्या : कपाटें, पलंग, गाद्या, पांघरुणें — १,४०,००० रुपये.
सहा माणसांचे कपडे — ९०,००० रुपये.
टीव्ही, पंखे, धुलाईयंत्र, इन्व्हर्टर, संगणक — १,६०,००० रुपये.
पडवी, न्हाणीघर व माळा : शिलाईयंत्र, पाण्याची टाकी वगैरे — ६०,००० रुपये.
एकूण — ५,६०,००० रुपये.

हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत; परंतु अशी बेरीज केल्यावर ती मनांतल्या अंदाजाहून मोठी निघते, असाच बहुतेकांस अनुभव येईल. महाग वस्तूंच्या पावत्या व प्रत्येक खोलीचें छायाचित्र यादीसोबत ठेवावें. यादीची एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे किंवा बँकेंत असावी. एका छपराखालीं भावांच्या दोन चुली असल्यास दोन याद्या कराव्या.

भिंतींवरून वस्तूंचा अंदाज नको

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणानें १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नांवाचें एका नमुन्याचें विमापत्र सुरू केलें. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर इत्यादि संकटें त्यांत येतात. केवळ इमारतीचा, केवळ सामानाचा, किंवा दोहोंचा विमा घेतां येतो. इमारतीचा विमा घेतला असतां तिच्या विमारकमेच्या २० टक्के इतकें सामानाचें संरक्षण, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, आपोआप मिळतें. ही सोय चांगली आहे. परंतु शेतकऱ्याची गफलत होण्याचा संभव येथेंच अधिक.

इमारतीची विमारकम म्हणजे ती पुन्हां बांधण्याचा खर्च. जागेची किंमत त्यांत येत नाहीं. समजा, घर ९०० चौरस फुटांचें आहे व बांधकामाचा दर फुटास १,५०० रुपये आहे. इमारतीचे १३,५०,००० रुपये झाले. त्याचे २० टक्के म्हणजे २,७०,००० रुपये. वरील यादी तर ५,६०,००० रुपयांची आहे; म्हणजे २,९०,००० रुपयांचें सामान उघडें राहिलें. घर जितकें साधें व सामान जितकें भरगच्च, तितकी ही तूट मोठी. ती भरून काढण्यास अर्जांत सामानाचा तपशील देऊन जादा रक्कम मागावी लागते. आपोआप कोणी वाढवून देत नाहीं.

दागिने, रोकड व कागद

दागिने साध्या सामानांत धरले जात नाहींत. त्यांचा विमा निराळा मागावा लागतो. अशा मौल्यवान वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत व प्रत्येक वस्तु १ लाखांपर्यंत असल्यास मूल्यांकनाचा दाखला लागत नाहीं. परंतु सन २०२५ मध्यें १० ग्रॅम सोन्याचा भावच लाखावर गेला. म्हणून तोळ्यावरील दागिन्यास दाखला काढून ठेवणें शहाणपणाचें. रोख पैसा व दस्तऐवज यांस या विमापत्रांत सामान्यतः संरक्षण नाहीं. खरेदीखतें व मुदतठेवींच्या पावत्या उंच जागीं किंवा बँकेंत असाव्या.

चोरीविषयींही गैरसमज आढळतो. विमित संकट घडल्यापासून ७ दिवसांच्या आंत त्या प्रसंगामुळें झालेली चोरीच यांत धरली जाते. एरवींच्या घरफोडीसाठीं निराळा विमा घ्यावा.

शेतमाल निराळा धरावा

विक्रीसाठीं ठेवलेलें सोयाबीन, गूळ किंवा हळद हें घरसामान नव्हे. पीकविम्यावर विसंबून राहणेंही धोक्याचें. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंतील काढणीपश्चात् संरक्षण, जेथें तें लागू असतें तेथेंही, शेतांत कापून वाळत टाकलेल्या पिकास, काढणीपासून १४ दिवसांपर्यंतच असतें. माल घरीं आला कीं तो त्या योजनेच्या बाहेर गेला. सन २००५ च्या महापुरांत हरिपूरच्या पेवांतील हळद पाण्याखालीं गेली, ही गोष्ट सांगलीकडील शेतकरी विसरले नसतील. म्हणून साठविलेला माल, जनावरें, पंप व ट्रॅक्टर यांचीं सदरें यादींत निराळीं मांडून त्यांचे विमे निराळे विचारावे. मालाची रक्कम कोठार सर्वांत भरलेलें असतें त्या महिन्यावरून धरावी.

कमी व जास्त रकमेचा परिणाम

अनेक विमापत्रांत प्रमाणाचा नियम असतो. कोठारांत ४ लाखांचा माल असून विमा २ लाखांचा असेल आणि १ लाखाचा माल भिजला, तर कंपनी निम्मेच, म्हणजे ५० हजार रुपये देते. कारण निम्मा धोका आपण स्वतःवर घेतला असें ती मानते. ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रांत हा नियम लावीत नाहींत. तरी विमारकमेहून अधिक पैसा त्यांतही मिळत नाहीं. उलट, ५ लाखांच्या सामानाचा १० लाखांचा विमा उतरल्यानें दुप्पट भरपाई मिळत नाहीं. हप्ता मात्र वाढतो. म्हणून रक्कम यादीइतकी असावी. तिच्याहून कमी नको, जास्तही नको.

हप्ता जड वाटल्यास सगळ्याच रकमा कापूं नयेत. ज्या वस्तूंवांचून संसार चालणार नाहीं त्या प्रथम पूर्ण किमतीनें धराव्या, आणि गेल्या तरी निभेल अशा मागाहून. दिवाळीच्या झाडलोटींत दर वर्षीं यादी वाचून नवी खरेदी त्यांत चढवावी व विम्याचें नूतनीकरण करतांना रक्कम सुधारून घ्यावी. सातबाऱ्याचा उतारा आपण जपून ठेवतों, तशी घराची ही यादीही जपली पाहिजे. पाणी उंबऱ्यास लागल्यावर ना यादी होते, ना विमा मिळतो. तेव्हां हें काम या महिन्यांतच उरकून घ्यावें, अशी शेतकरी बंधूंस विनंति आहे.