उकलणारा सांधा

बावीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेले पाने, बंद पडलेली घड्याळे आणि चष्म्यांची रिकामी घरे यांच्या गर्दीत, तारा धरणारा ब्रिज उखडलेली आणि पाठीला वीतभर चीर गेलेली एक गिटार मला दिसली. आणि वाजविण्याची विद्या अंगी नसताना, केवळ ती दुरुस्त होते की काय या कुतूहलापोटी, मी ती साडेतीनशे रुपयांस घरी आणली. तेव्हापासून आमच्या घराच्या सज्जातील बाकावर एकतीस गिटारी उघडल्या आणि मिटल्या गेल्या, चार मी आरंभापासून बांधल्या, आणि त्या चारांपैकी एक बऱ्यापैकी वाजते.

इतिहासाचे देणे प्रथम फेडून टाकतो. आजच्या स्पॅनिश गिटारीची घडण आणि तिच्या तारेची सुमारे ६५० मिलिमीटर लांबी रूढ झाली ती आल्मेरियाजवळ जन्मलेल्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) याच्या हातून. पोलादी तारांच्या गिटारीचे मोठे घराणे १८३३ साली सॅक्सनी सोडून न्यूयॉर्कला गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याचे. आणि माझ्यासारख्या हौशी माणसांस घरबसल्या गुरू मिळाला तो १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अर्व्हिंग स्लोन याच्या पुस्तकाच्या रूपाने. तोरेसने तर १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केलेली गिटार बांधून, नादाचे मर्म वरच्या फळीत आहे हे सिद्ध करून दाखविले. ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. इतके पुरे, कारण मला खरोखर लिहावयाचे आहे ते सरसाविषयी.

पोलादी तारांची गिटार सुरात लावली म्हणजे सहा तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ताण पडतो, तो ज्या फळीवर चिकटविलेल्या ब्रिजने सोसावयाचा ती स्प्रूसची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते, आणि ती अधिक जाड करावी तर वाद्य मुके होते. अशा या अवघड व्यवहारात लाकडाला लाकूड जामीन राहते ते केवळ मधल्या डिंकाच्या भरवशावर. जुने कारागीर त्यासाठी सरस वापरीत. जनावरांच्या कातड्यांपासून काढलेला हा पदार्थ मधाच्या रंगाच्या कोरड्या दाण्यांच्या रूपाने मिळतो. तो थंड पाण्यात काही तास भिजू द्यावा, मग पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास ऊब द्यावी. उकळी फुटली की त्याची ताकद गेली असे समजावे. आमच्या मातोश्रींनी, त्या वारकरी असल्यामुळे, या द्रव्यास स्वयंपाकघरात कायमची मनाई केली. तेव्हापासून नातवाच्या दुधाची बाटली गरम करण्यासाठी आणलेले विजेचे यंत्र सज्जात माझ्या सेवेस रुजू आहे, आणि तितकी नेमकी ऊब दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

सरस माणसाला शिस्त लावतो. तो लावल्यापासून मिनिटाभरात गोठू लागत असल्याने दोन्ही लाकडे आधी किंचित तापवावी लागतात, शिकंजे किती आणि कोठे बसावयाचे याची कोरडी तालीम तीनतीनदा करावी लागते, आणि ऐन वेळी दार वाजले तर दार वाजू द्यावे लागते. उलट, सुताराच्या दुकानातील पांढरा कृत्रिम डिंक ऐसपैस मुदत देतो. परंतु सततच्या ओढीखाली तो कणाकणाने सरकतो, आणि निघालेल्या सांध्यावर त्याचा अंश राहिला तर नवा थर नीट धरीत नाही. सरस वाळला म्हणजे काचेसारखा कठीण होतो, जुन्या सरसावर नवा सरस बिनतक्रार बसतो, आणि ऊब व ओल मिळाली की सांधा मुकाट्याने उकलतो. हा शेवटचा गुण पुष्कळांस दोष वाटतो. माझ्या मते तोच त्याचा मोठेपणा होय.

हे मी ठेच खाऊन शिकलो. त्या पहिल्या गिटारीचा ब्रिज मी मोठ्या ऐटीत, दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून केलेल्या एपॉक्सीने, जन्मजन्मांतरीचा म्हणून चिकटविला. दोन वर्षांनी तारा फार उंच झाल्या. फळीला आतून आधार देणारी पट्टी सुटली होती, आणि ती बसविण्यापूर्वी ब्रिज काढणे प्राप्त होते. तापविलेली पातळ सुरी सरसाच्या सांध्यात जशी हळूहळू शिरते तशी येथे शिरेना, आणि अखेरीस ब्रिज निघाला तो फळीचा तळहाताएवढा पापुद्रा सोबत घेऊनच. माझा सांधा लाकडाहून बळकट ठरला होता, आणि म्हणूनच लाकूड मेले.

त्याच सुमारास मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाण्याचा योग आला. एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडविणाऱ्या या गावाच्या सतारीस व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते सर्वस्वी यथायोग्यच. एका वृद्ध कारागिरांनी माझी गिटार हाती घेतली, फळीवर बोटाने टिचकी मारली, ब्रिजवरील हाडाच्या पट्टीवर अंगठा फिरवला आणि विचारले, “साहेब, याची जवारी कुठं काढता तुम्ही?” तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या सौम्य उतारावर तार चाटून जाते, म्हणून जवारीचा तो भरदार झणकार उठतो, गिटारीत मात्र तार हाडाच्या नेमक्या धारेवरून सुटली पाहिजे. मिरजेत जो अलंकार, तीच माझ्या बाकावर फिर्याद. पण ते कारागीर काम करीत होते ते एका जुन्या तानपुऱ्याच्या घोडीवर, जिची जवारी पूर्वी त्यांच्या वडिलांनी काढली होती. तारेने खाच पाडली की ती पुन्हा कानशीने घासावीच लागते. वाद्य घडविणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तजवीज करून ठेवणे, हे त्या कानशीने मला शिकविले.

लाखेच्या चपडीचेही तेच. आपल्या सुतारांची ही चपडी स्पिरिटात विरघळवून, फडक्याच्या बोळ्याने थरावर थर चढवीत, स्पॅनिश परंपरेतल्या गिटारीस झिलई देतात. नवा थर जुन्यास किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे ओरखडा बुजविता येतो. झारखंडातील पळस व कुसुम वृक्षांवरील किड्यांची ही लाख, आणि ब्राझीलचा शिसव दुर्मिळ झाल्यावर १९६९ पासून मार्टिनच्या कारखान्याने पत्करलेला भारतीय शिसव, एवढा आपला वाटा त्या परदेशी वाद्यात आहे.

पावसाळ्यात मी फळी चिकटविण्याचे काम तहकूब ठेवतो. ओलाव्याने फुगलेल्या लाकडाचे वाद्य बांधले तर वैशाखात ते आक्रसून तडकते.

वाचकांस विनंती इतकीच. गिटार उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. तेथे सांधा आपोआप उकलतो. ब्रिज निघालाच तर तारा सैल कराव्यात, घरचा कोणताही डिंक लावू नये, आणि उडालेल्या ढलप्या, कितीही बारीक असल्या तरी, एका पाकिटात घालून वाद्याबरोबर कारागिराकडे द्याव्यात.