क्षयाचा जंतू आणि शरीराची शिबंदी

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते गिरणीच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि इस्पितळातल्या बाकांवर. तेव्हा नंदनवनातल्या या व्यासपीठावरून जंतुशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास उत्तर एवढेच की, ज्याने कामगारांत तीस वर्षे काढली त्याची क्षयाशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. शत्रू वारंवार भेटतो, तर त्याची रीत समजून घ्यावी म्हणून आम्ही वाचले, डॉक्टरांना विचारले. जे उमगले ते येथे मांडतो.

नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्यानंतर पाचच वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तोवर हा रोग कोणी वंशाचा मानी, कोणी नशिबाचा. तो एका जंतूचा आहे हे त्या दिवशी ठरले.

जंतू माणसाला आजारी पाडतात ते अनेक मार्गांनी. पटकीचा जंतू आतड्याच्या पेशींत घुसतच नाही; आतड्याला चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषाने शरीरातले पाणी आतड्यात ओतले जाते. हे विष १९५९ साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. न्यूमोनियाचा एक जंतू अंगावर बुळबुळीत कवच चढवतो, म्हणून पांढऱ्या पेशींच्या हाती तो लागत नाही. गळवात पू करणारा जंतू आणखी धूर्त. रक्तातील प्रतिपिंडे जंतूला धरून पांढऱ्या पेशींना खूण करतात. हा गडी त्या प्रतिपिंडांनाच उलट्या बाजूने पकडतो, म्हणजे खूण पटतच नाही.

क्षयाच्या जंतूची तऱ्हा या सर्वांहून निराळी. तो पहारेकऱ्याला चुकवत नाही, त्याच्याच चौकीत बिऱ्हाड करतो.

रोगी खोकतो तेव्हा थुंकीचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. कोंदट खोलीत ते तासन्‌तास राहतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षक पेशी पहाऱ्याला असतात. त्या जंतूला गिळतात आणि पोटातल्या एका पिशवीत कोंडतात. मग तीव्र आम्ल व पाचक रसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन तिला मिळते आणि जंतू विरघळतो. बहुतेक जंतूंची कथा येथेच संपते. क्षयाच्या जंतूला मात्र मेणासारख्या द्रव्यांचे जाड कवच असते. तो या दोन पिशव्यांची भेटच होऊ देत नाही. कोठडीला कुलूप लागते, पण शिक्षेची अंमलबजावणी होत नाही. आणि कोठडीतच तो वाढू लागतो. वाढतोही सावकाश. पुष्कळ जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला सुमारे वीस तास लागतात.

काही आठवड्यांनी शरीराची दुसरी फळी येते. ती जंतूंभोवती पेशींचा वेढा घालून गाठ बनवते. या गाठीवरूनच रोगाला ट्यूबरक्युलोसिस हे नाव पडले. वेढ्यात जंतू मरत नाही, नुसता दबून राहतो. कधी वर्षे, कधी जन्मभर. जगातील सुमारे चौथा हिस्सा लोकांच्या अंगी हा जंतू शिरलेला आहे असे मानतात. त्यांतल्या शंभरांपैकी पाच ते दहांनाच आयुष्यात केव्हा तरी रोग होतो.

मग त्या पाच-दहांतच वेढा का फुटतो? उपासमार, मधुमेह, एच.आय.व्ही., दारू, तंबाखू ही कारणे डॉक्टर सांगतात. आमच्या अनुभवातले आणखी एक कारण शास्त्रानेही मान्य केले आहे. खाणीतली व दगड फोडण्याच्या कामातली सिलिकाची धूळ भक्षक पेशींनाच मारते. शिबंदी आतूनच खचली की वेढा ढिला पडतो, गाठ आतून कुजते, श्वासनलिकेत फुटते आणि जंतूला बाहेरची वाट मिळते. म्हणजे फुप्फुसाची जी नासाडी होते तिच्यात आपल्याच फौजेच्या झटापटीचा वाटा मोठा असतो, आणि जंतू तिचा फायदा घेऊन दुसऱ्या घरी जातो.

आता औषधाचे गणित. पोकळी पडलेल्या फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिले, तर तो एक वाचतो आणि त्याचीच प्रजा माजते. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू मिळणे जवळपास अशक्य. म्हणून आरंभी चार औषधे एकत्र देतात. शिवाय काही जंतू झोपी गेल्यासारखे असतात, त्यांच्यावर औषध सावकाश चालते. म्हणून साध्या क्षयालाही सहा महिने लागतात. खोकला जातो पहिल्या एक-दोन महिन्यांतच.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही संघटनेत नवे होतो. कताई खात्यातला एक बदली कामगार दोन महिन्यांच्या औषधाने सुधारला. घरी चूल पेटायची पंचाईत. आम्हीच त्याला म्हणालो, "भाऊ, खोकला गेला ना, मग उभा राहा पाळीवर." पाळी सांभाळताना औषध सुटले. वर्षाच्या आत खोकला परतला, आणि या वेळी गोळ्यांना जंतू ऐकेना. तो वाचला नाही. त्याला पाळी मिळवून दिली म्हणून आम्ही त्या वेळी समाधान मानले होते. सहा महिन्यांची मजुरी मिळवून द्यायला हवी होती.

औषध कोठेही राहून घेता येते, हे मद्रासच्या प्रयोगाने १९५९ सालीच सिद्ध केले. घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे झाले. अन्नाचेही महत्त्व आता मोजले गेले आहे. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. सरकार रोग्याला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये देते. कामगार राज्य विमा योजना नागपुरात १९५४ साली आली. तिच्यात पात्र कामगाराला क्षयात मजुरीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्या ठेकेदारी मजुराने काय करावे? हा प्रश्न जंतुशास्त्राचा नाही, आपला आहे.

दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. खिडकी उघडी ठेवावी. आणि शेजारचा कोणी चौथ्या महिन्यात म्हणू लागला की आता मला बरे वाटते, तर त्याला कामावर पाठवण्याआधी त्याच्या घरी डब्यात पीठ आहे की नाही, ते पाहून यावे.