टिकटिक आणि ठोका

पहाटेची वेळ असते. रात्रभर थंडीत उभी असलेली एक जुनी स्पोर्ट्‌स मोटार सुरू होते, आणि नेहमीच्या घरघरीबरोबर मालकाच्या कानावर एक नवाच आवाज पडतो : टिक्‌, टिक्‌, टिक्‌. दहापंधरा मिनिटांच्या प्रवासानंतर तो नाहीसाही होतो. मालक मात्र अस्वस्थ होतो. हा आवाज क्षुल्लक समजावा, की इंजिनाच्या नाशाची पहिली सूचना? येथे चूक झाली तर ती दोन्ही बाजूंनी महाग पडते. निरुपद्रवी टिकटिकीला भिऊन सबंध इंजिन खोलले, तर पैसा व्यर्थ जातो. आणि खरा ठोका टिकटिक समजून दुर्लक्षिला, तर इंजिनच हातचे जाते.

हा प्रश्न ज्या मोटारीच्या मालकांना वारंवार पडतो, तिचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. जपानमधील माझदा कंपनीने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागो येथील प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स मोटार प्रथम जगापुढे मांडली. ती इतकी लोकप्रिय झाली, की २०१६ च्या एप्रिलमध्ये ह्या मालिकेतील दहा लाखावी मोटार तयार झाली. पहिल्या पिढीतील मूळ इंजिन १.६ लिटरचे, चार सिलिंडरांचे आणि सोळा झडपांचे. थंड असताना त्याने टिकटिक करावी, ही गोष्ट त्याच्या मालकांना चांगली परिचयाची आहे.

इंजिनातील आवाज मुख्यतः दोन मजल्यांवरून येतात, असे समजावे. खालच्या मजल्यावर क्रँकशाफ्ट फिरत असतो. पिस्टनांची वरखाली होणारी हालचाल कनेक्टिंग रॉडांच्या द्वारे त्याच्यापर्यंत पोहोचते आणि तेथे तिचे फिरण्यात रूपांतर होते. वरच्या मजल्यावर कॅमशाफ्ट असतात. त्यांच्यावरील उंचवटे झडपा दाबून उघडतात. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. निदानाची पहिली किल्ली ह्या प्रमाणातच आहे. एमएक्स-५ चे इंजिन उभ्या मोटारीत मिनिटाला सुमारे ८५० फेरे घेते. म्हणजे खालच्या मजल्यावरचा, दर फेऱ्याला होणारा आवाज मिनिटाला ८५० वेळा उमटेल. वरच्या मजल्यावरील एकाच झडपेचा आवाज मात्र ४२५ वेळा. तबल्याचा ठेका आणि त्याची दुगुन ह्यांतील भेद ज्याच्या कानाला कळतो, त्याला ह्या दोन लयींतील भेदही सरावाने कळू शकतो. ज्याला कानाची खात्री नसेल, तो ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंगचा दिवा स्पार्क प्लगच्या तारेवर लावतो. ह्या मोटारीत प्रत्येक प्लगला क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला ठिणगी मिळते. त्यामुळे प्रत्येक लुकलुकीला आवाज आला तर संशय खाली, आणि एकाआड एक लुकलुकीला आला तर संशय वर.

दुसरा प्रश्न वेळेचा. आवाज थंडीत येतो की उष्णतेत? टिकटिक थंडपणी येऊन इंजिन तापल्यावर थांबत असेल, तर ती बहुधा झडपांच्या बाजूची असते. ह्या पहिल्या पिढीच्या इंजिनात प्रत्येक झडपेमागे तेलाने भरलेली एक छोटी डबी असते. तिच्यातील दट्ट्या तेलाच्या दाबाने वर राहून कॅम आणि झडप ह्यांमधील फट आपोआप भरून काढतो. मोटार बराच काळ उभी राहिली, तेलात हवा मिसळली किंवा जुन्या तेलाचा चिकट थर आतील सूक्ष्म छिद्रात बसला, की डबी पुरती भरत नाही. फट उरते, आणि त्या फटीत धातूवर धातू आपटतो. हीच ती टिकटिक. ताजे आणि योग्य प्रतीचे तेल घालून मोटार काही काळ नीट चालविली, तर पुष्कळदा ती थांबते. दुसऱ्या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात ह्या डब्या नाहीत. तेथे फट ठरावीक जाडीच्या चकत्यांनी जुळवावी लागते. म्हणून तेथे टिकटिक ऐकू आल्यास फट मोजून पाहणे हाच मार्ग.

खालच्या मजल्यावरील ठोक्याची वागणूक बहुधा ह्याच्या उलट असते. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडाचे बेअरिंग ह्यांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकेच अंतर असते, आणि त्यात तेलाचा पातळ पडदा असतो. बेअरिंग झिजले, की हे अंतर वाढते. इंजिन तापल्यावर तेल पातळ होते, पडदा दुबळा पडतो, आणि ठोका अधिकच स्पष्ट होतो. त्याचा स्वर खर्जातला, जड असतो. वेग वाढवून पाय किंचित सैल केला, की तो विशेष ऐकू येतो. असा ठोका ऐकू आला आणि तेलाच्या दाबाचा तांबडा दिवाही लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह आवरावा आणि इंजिन तत्काळ बंद करावे. तसेच रेटले तर बेअरिंग निकामी होते, क्रँकशाफ्ट खरवडला जातो, आणि प्रसंगी तुटलेला रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो.

तिसरा प्रश्न जागेचा. १८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेक ह्या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर टेकवून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. मोटारीचे कारागीर तेच तत्त्व वापरतात. कोणी लांब दांड्याचा स्टेथॉस्कोप वापरतो, तर कोणी लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवतो. अर्थात फिरता पट्टा आणि पंखा ह्यांपासून हात, केस व सैल कपडे दूर ठेवूनच. आवाज झडपांच्या झाकणावर मोठा ऐकू येतो, की खाली तेलाच्या टाकीजवळ, हे अशा रीतीने ठरते. शिवाय कारागीर एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून पाहतो. ज्या सिलिंडरची ठिणगी जाताच ठोका मंदावतो, त्याच्याच रॉडावर संशय घट्ट होतो.

काही आवाज वेष पालटून येतात. एक्झॉस्टच्या जोडातून गळणारा वायू थंडपणी हुबेहूब झडपेसारखा टिकटिकतो, आणि धातू तापून प्रसरण पावला की गप्प होतो. जोडाभोवतीची काजळी त्याचा पुरावा देते. चढावर ओझे पडताच येणारा किणकिणाट बहुधा सिलिंडरातील अवेळी व अनियंत्रित ज्वलनाचा असतो. पुढील काळातील अनेक मोटारींत हा किणकिणाट टिपणारा संवेदक बसविलेला असतो, आणि त्याच्या इशाऱ्यावरून ठिणगीची वेळ मागे घेतली जाते. तथापि हा संवेदक मुख्यतः त्याच एका आवाजासाठी जुळविलेला असतो. झिजत्या बेअरिंगची वार्ता तो देईलच, असे मानून निर्धास्त राहता येत नाही.

म्हणून तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम तेलाची पातळी पाहावी. तिला खर्च नाही. मग इंजिनाच्या तेलमार्गाला स्वतंत्र मापक जोडून दाब मोजावा. त्यानंतर तेल काढून त्याची गाळणी कापावी आणि तिच्या घड्यांत धातूचे चकाकणारे कण आहेत का, ते पाहावे. असे कण विपुल सापडले, तर इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. गाळणी स्वच्छ निघाली, दाब पुरेसा भरला आणि आवाज अर्ध्या लयीत वरून येत असला, तर इंजिन खोलण्याची घाई करण्याचे कारण उरत नाही.

पहाटे टिकटिक ऐकणाऱ्या त्या मालकाला कारागिराकडे जाताना एवढेच सांगता आले पाहिजे, की आवाज केव्हा येतो, कोणत्या लयीत येतो आणि कोठून येतो. ‘इंजिन वाजते आहे’ एवढ्याच तक्रारीवर कारागिराला अंदाज बांधावा लागतो. ह्या तीन गोष्टी नीट सांगितल्या, तर निम्मे निदान कारखान्याच्या दारातच होते.