रानझुरळाचे संगोपन : परिसर अभ्यासातील एक निरीक्षण-पाठ

झुरळ हा शब्द कानी पडताच बहुतेकांचा हात नकळत चपलेकडे जातो. स्वयंपाकघरातील फडताळ, मोरी, धान्याची कोठी या ठिकाणी भेटणाऱ्या एक-दोन जातींवरून माणसाने संपूर्ण वर्गाविषयी आपले मत बनविले आहे. मुलेही हेच मत घरून शाळेत घेऊन येतात. एखाद्या प्राण्याचे नाव कळले म्हणजे त्याच्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही, अशी जी समजूत होते ती घालविणे हे परिसर अभ्यासाचे एक मुख्य कार्य होय. त्या दृष्टीने रानात राहणाऱ्या झुरळाचे संगोपन हा अल्पखर्चाचा व अतिशय बोधप्रद उपक्रम ठरतो.

जगात झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. त्यांपैकी माणसाच्या वस्तीच्या आश्रयाने राहणाऱ्या जाती तीसच्या आसपास असून खरोखर उपद्रवी म्हणाव्यात अशा जाती त्याहूनही थोड्या आहेत. बाकी सर्व रानातील पालापाचोळा, कुजके लाकूड, भुसभुशीत माती व दगडांच्या कपारी यांत आयुष्य काढतात. मेलेली पाने व लाकूड खाऊन त्यांचे मातीत रूपांतर करण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा असतो. शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची वाळवी हीदेखील झुरळांच्याच कुळातील आहे, हे आता निश्चित झाले आहे. उत्तर अमेरिकेच्या जंगलात कुजक्या ओंडक्यांत राहणारे एक लाकूडखाऊ झुरळ हे वाळवीचे सर्वांत जवळचे नातेवाईक मानले जाते.

सात ठिपक्यांचे झुरळ

आपल्या देशातील रानझुरळांपैकी पाळण्यास सर्वांत सोयीचे व देखणे म्हणजे दक्षिण भारताच्या झुडपी रानांत आढळणारे सात ठिपक्यांचे झुरळ होय. त्याचा आकार काहीसा गोलट, लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर व रंग काळा असतो. डाव्या पंखावर चार व उजव्या पंखावर तीन असे ठळक पांढरे ठिपके असतात. दिवसाच्या उन्हात ते पाचोळ्याखाली अथवा सैल मातीत दडून राहते आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते. त्याची पिल्ले मातीतच वाढतात व पावसाळ्याच्या सुमारास प्रौढ होऊन वर येतात.

या कीटकाने मोठमोठ्यांची दृष्टी फसविली आहे. स्वीडनचे थोर निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा त्यांनी त्यास झुरळांत न घालता भुंगेऱ्यांत घातले होते. असे होण्यास कारणही तसेच आहे. आपल्या रानांत सहा पांढऱ्या ठिपक्यांचा एक काळा भुंगेरा जमिनीवर हिंडतो. त्यास डिवचले असता तो दाहक द्रव फवारतो. या भुंगेऱ्याशी असलेल्या साम्यामुळे निरुपद्रवी झुरळासही शत्रूंपासून संरक्षण मिळत असावे, असे अभ्यासक मानतात.

मग दोघांतील भेद ओळखावा कसा? भुंगेऱ्याचे कठीण पंख पाठीच्या मध्यावर एका सरळ रेषेत मिळतात. झुरळाचा डावा पंख उजव्या पंखावर चढलेला असतो. हा भेद शिक्षकांनी सांगून टाकू नये. दोन्हींची चित्रे फळ्यावर काढून मुलांना तो शोधू द्यावा. लिनियससारख्या विद्वानाची चूक पुढे दुरुस्त झाली ती पुन्हा पाहण्याने झाली, हे मुलांना कळले म्हणजे पाठाचा निम्मा हेतू साध्य झाला.

हे झुरळ प्रत्येक गावी सापडेलच असे नाही. ते न मिळाल्यास पाचोळ्याखाली आढळणारे दुसरे कोणतेही रानझुरळ घेऊन हाच उपक्रम करता येईल. मात्र घरातील झुरळे यासाठी मुळीच आणू नयेत. ती रोगजंतूंचा प्रसार करतात व निसटल्यास घरात वाढतात. मातीत राहणाऱ्या रानझुरळास सतत ओलसर माती लागते, त्यामुळे कोरड्या घरात ते ठाण मांडून बसत नाही.

पकडताना घ्यावयाची काळजी

पहिले पाऊस झाल्यावर सायंकाळी बांधावर, झुडपांखाली किंवा पाचोळ्याच्या ढिगात शोध घ्यावा. दगडाखाली विंचू किंवा साप असण्याचा संभव असल्याने दगड उलटण्याचे काम शिक्षकांनी स्वतः, पायांत बूट घालून व काठीने करावे; मुलांकडून करवू नये. उचललेला दगड होता तसा परत ठेवावा, कारण त्याखाली इतरांचीही घरे असतात. वर सांगितलेल्या भुंगेऱ्याचा द्रव डोळ्यांत गेल्यास इजा होते. म्हणून ठिपक्यांचा कोणताही कीटक हाताने न पकडता त्यावर पेला पालथा घालावा व खालून जाड कागद सरकवावा. दोन किंवा तीन जोड्या पुरेशा होत. मादीचे पोट नराहून अधिक रुंद असते. अभयारण्य अथवा राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीतून कोणताही प्राणी उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, हेही मुलांस सांगावे.

घर तयार करणे

रुंद तोंडाची काचेची बरणी किंवा मातीची कुंडी घ्यावी. बागेतील माती, पानांचे पूर्ण कुजलेले खत व थोडी वाळू एकत्र करून त्याचा चार ते पाच बोटे जाडीचा थर द्यावा. माती फवारणी झालेल्या शेतातील नसावी. वर वाळलेल्या पानांचा थर व कुजक्या लाकडाचे एक-दोन तुकडे ठेवावेत. कडुनिंबाचा पाला कीटकांस बाधक असल्यामुळे तो टाळावा. तोंडास विरळ सुती कापड दोरीने घट्ट बांधावे. मुंग्या हा मोठा शत्रू असल्याने, घरातील दुभत्याचे भांडे ठेवतात त्याप्रमाणे, बरणी पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवावी. बरणी सावलीत असावी. उन्हात ठेवलेली बरणी तासाभरातही घातक ठरते.

पाणी शिंपडताना अर्धी बाजू ओलसर व अर्धी कोरडी राहील असे पाहावे. प्राणी आपल्याला हवी ती जागा स्वतः निवडतो आणि ती कोणती, हे मुलांना नोंदविता येते. पाने हे त्याचे मुख्य अन्न आहेच. त्याशिवाय काकडी, गाजर किंवा पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा व भाकरीचा चुरा आठवड्यातून दोनदा ठेवावा. बुरशी धरण्यापूर्वी उरलेले अन्न काढून टाकावे. हाताळणीनंतर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे. झुरळांच्या विष्ठेच्या व कातीच्या धुळीने काहींना दमा उठतो, म्हणून ज्यांना दम्याची व्यथा आहे अशा मुलांना बरणी साफ करण्याचे काम देऊ नये.

वंशवृद्धी व नोंदी

मादी आपली अंडी सुटी न घालता एका कठीण पेटीत घालते. ही अंडपेटी तांबूस तपकिरी असून लहानशा कडधान्याएवढी दिसते. मादी ती काही काळ शरीराच्या टोकाशी वागविते व नंतर मातीत सोडते. पेटी शोधण्यासाठी माती उकरू नये. पिल्ले बाहेर येण्यास पुष्कळ दिवस लागतात आणि या काळात बरणी रिकामी भासते. येथेच मुलांच्या धीराची कसोटी लागते. माती कोरडी पडू दिली तर पेट्याही वाळून जातात.

झुरळाच्या जीवनक्रमात फुलपाखराप्रमाणे कोशाची अवस्था नसते. पिल्लू आईबापांसारखेच, परंतु पंखहीन असते व अनेकदा कात टाकून मोठे होते. नुकतीच कात टाकलेले पिल्लू पांढरे असते आणि काही तासांत त्यास मूळ रंग येतो. ‘बरणीत पांढरे झुरळ कोठून आले?’ असा प्रश्न मुलांकडून हमखास येतो. त्याचे उत्तर लगेच न देता ‘सायंकाळी पुन्हा पाहा’ एवढेच सांगणे इष्ट.

निरीक्षणवहीत तारीख, दिलेले पाणी, दिलेले अन्न व दिसलेली गोष्ट असे चार रकाने असावेत. काहीच दिसले नाही तर ‘काही दिसले नाही’ असेच लिहावे. शिक्षकांस आवडेल म्हणून न दिसलेले लिहिण्याची सवय पुढे आयुष्यभर नडते. प्राणी मेल्यास तेही तारखेसह लिहावे व कारणाचा शोध घ्यावा.

सुट्टीचा प्रश्न

अशा उपक्रमांचा खरा शत्रू म्हणजे सुट्टी. पावसाळ्यात हौसेने भरलेली बरणी दिवाळीत विसरली जाते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर खिडकीपाशी सुकून जाते. त्या वेळी मातीत पुढच्या पिढीची पिल्ले जिवंत असतात, पण वर काहीच दिसत नसल्यामुळे कोणास त्यांची आठवण राहत नाही. यासाठी सुट्टी लागण्यापूर्वीच बरणी कोणाच्या घरी जाणार, पाणी कोण घालणार व तो गावी गेल्यास त्याच्या जागी कोण, ही नावे वर्गात ठरवून फळ्यावर लिहावीत. गावात राहणाऱ्या शिक्षकांनी ती आपल्या घरी नेल्यास उत्तमच. ज्या शाळेत अशी व्यवस्था होऊ शकत नसेल, तिने सुट्टीपूर्वी मातीसह सर्व प्राणी जेथून आणले त्याच जागी नेऊन सोडावेत. इतर ठिकाणी सोडू नयेत.

चपल उचलणाऱ्या मुलाने वर्षअखेर त्याच जीवासाठी ओंजळभर पाण्याची आठवण ठेवली, तर त्याने किती अवयवांची नावे पाठ केली हे विचारण्याचे फारसे कारण राहत नाही. मुक्या प्राण्यास कोंडून ठेवल्यानंतर त्याचे जगणे आपल्यावर अवलंबून राहते, ही जाणीव पाठ्यपुस्तकातून देता येत नाही. ती बरणीतील मातीला रोज हात लावून पाहिल्यानेच येते.